गोधडीवरचा नकाशा



आठवीत शाळेच्या एका फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'नोकरी, मुंबई' असं लिहिलं होतं. खरं तर १९८२ च्या संपात अण्णांची गिरणी सुटली आणि ते मशीद बंदरला हमाली करू लागले. मला त्याची लाज वाटायची. तुमच्यापैकी कुणालाच हे मी कधी सांगितलं नाही.

गेल्या डिसेंबरात आम्ही काही मैत्रिणींनी चार शनिवार नववीच्या मुलांबरोबर काम केलं. घरी तीन प्रश्न विचारायचे: आपण इथे कुठून आलो? घरातलं कोण कुठे गेलं? जाताना बरोबर काय नेलं? उत्तरं जुन्या लुगड्याच्या तुकड्यावर चित्रात काढायची, धावदोऱ्याने शिवायची आणि सगळ्यांची मिळून एक गोधडी करायची. मी कॉम्प्युटरवर नकाशा करणार होते. चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, "आजी स्क्रीनसमोर बोलायची नाही. गोधडी घेऊन बस, आपोआप बोलेल." तसंच झालं.

मधोमध निळ्या कापडाचा भाटघरचा फुगवटा आहे. १९२८ साली धरण पुरं झालं, पाणी कालव्यांनी बारामती-फलटणकडे गेलं आणि वेळवंडीकाठची माणसं वर सरकली. एका मुलीने पाण्याखाली कांबरेश्वराचं देऊळ शिवलंय. वेल्ह्याकडच्या मुलांनी पानशेत काढलं. १२ जुलै १९६१ ला धरण फुटून पुण्यात हाहाकार झाला, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याआधी त्याच धरणासाठी घरं सोडलेल्यांची गोष्ट मुलांनी प्रथमच ऐकली.

एक मुलगा मात्र कोरा तुकडा घेऊन बसला होता. कातकरी. आई-बाप वीटभट्टीवर गेलेले, तो आजीजवळ मागे राहिलेला. म्हणाला, "मॅडम, मूळ गाव काय लिहू?"

चूक माझी होती. प्रत्येक तुकड्यावर 'मूळ गाव' हा रकाना मीच आखून दिला होता. आमच्या धंद्यात अशा रकान्याला लाल फुली असते. तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मला उत्तर सुचेना. मग मी त्याला माझ्या आठवीतल्या फॉर्मची गोष्ट सांगितली. तो काही बोलला नाही. पुढच्या शनिवारी त्याने सात भट्ट्या शिवून आणल्या, सात वर्षांच्या सात. तो रकाना आम्ही सगळ्याच तुकड्यांवरून उसवून टाकला.

तो मुलगा आता दहावीत आहे. दिवाळीनंतर आई-बाप पुन्हा जातील, आणि आजी आता थकली आहे. परीक्षेपर्यंत तो कुठे राहील, जेवेल, हे गोधडी शिवून सुटत नाही. त्याच्यासारखी आणखीही मुलं शाळेत आहेत. आपल्या बॅचने त्यांची सहा महिन्यांची सोय करावी, एवढं मागायला मी उभी आहे.

गोधडी मागच्या भिंतीवर टांगली आहे. कडेची एक पट्टी तुमच्यासाठी मोकळी ठेवलीय, सुईदोरा तिथेच आहे. कोपऱ्यात पोतं शिवलंय ते अण्णांचं.