१२४ मीटर: मोहावीच्या आकाशात पाहिलेलं पहिलं खासगी अंतराळ उड्डाण

आजच्या भागात पाहुणे नाहीत, मी एकटाच बोलणार आहे. मागच्या काही भागांनंतर एक प्रश्न तुमच्याकडून वारंवार आला. रॉकेटचं उड्डाण बघायला एवढ्या लांब जायचं कशाला? मोबाइलवर लाइव्ह जास्त स्पष्ट दिसतं की!

खरं आहे. मोबाइलवर जास्त स्पष्ट दिसतं, यात वादच नाही. तरीही जावं असं मला का वाटतं, ते सांगायला मी तुम्हाला २००४ सालात घेऊन जातो. तारीख २१ जून, जागा कॅलिफोर्नियातलं मोहावी. मी तेव्हा लॉस एंजेलिसजवळ नोकरी करत होतो, आणि त्या सकाळी हजारो लोकांच्या गर्दीत मीही होतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. युरी गागारिन १९६१ मध्ये अंतराळात गेला. तेव्हापासून २००४ पर्यंत, म्हणजे ४३ वर्षांत, माणसाला अंतराळात नेणारं प्रत्येक यान सरकारी होतं. तेही तीनच देशांचं: सोव्हिएत संघ आणि नंतर रशिया, अमेरिका, आणि २००३ पासून चीन. त्यात १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया शटल परतताना फुटलं. कल्पना चावला त्यात होत्या. आम्हा तिकडच्या भारतीयांसाठी ती घरातली बातमी होती. त्यानंतर अमेरिकेची सगळी शटलं जमिनीवर बसून होती.

आणि अशा वेळी वाळवंटातल्या एका छोट्या गावातली छोटी कंपनी म्हणते, आम्ही स्वतःच्या यानातून माणूस वर पाठवतो.

कंपनीचं नाव स्केल्ड कॉम्पोझिट्स. डोकं बर्ट रुटानचं. हा विमानं डिझाइन करणारा अवलिया माणूस. त्याच्याच डिझाइनच्या व्हॉयेजर विमानाने १९८६ मध्ये कुठेही न थांबता, वाटेत इंधन न भरता, नऊ दिवसांत पृथ्वीला प्रदक्षिणा घातली होती. पैसा मायक्रोसॉफ्टच्या पॉल ॲलनचा. यानाचं नाव स्पेसशिपवन. आणि पायलट माइक मेलव्हिल, वय ६३. हो, त्रेसष्ट! आपल्याकडे या वयात माणूस निवृत्त होऊन नातवाला शाळेत सोडायला जातो.

आम्ही तीन मित्र मध्यरात्रीनंतर गाडी काढून निघालो. दीड-दोन तासांचा रस्ता. मोहावी म्हणजे सपाट वाळवंट, कडेला डोंगरावर पवनचक्क्यांच्या रांगा, आणि विमानतळावर वापरातून गेलेली मोठमोठी प्रवासी विमानं ओळीने उभी. आदल्या रात्रीपासून लोक गाड्या लावून मुक्कामाला होते. कुणी स्टोव्हवर कॉफी उकळत होतं, कुणी पोरांना ब्लँकेटमध्ये गुंडाळून टपावर बसवलं होतं. आपल्या जत्रेची आदली रात्र असते ना, तसं वातावरण. फक्त ढोलताशा नव्हता. आमच्याकडे घरून नेलेले ठेपले होते, ते शेजारच्या गाडीतल्या आजोबांनाही दिले. त्यांच्याकडे रेडिओ स्कॅनर होता, म्हणून आम्ही त्यांना सोडलंच नाही.

आता या यानाची गंमत समजून घ्या. ते जमिनीवरून धूर सोडत उडत नाही. व्हाइट नाइट नावाचं एक विमान त्याला पोटाखाली धरून वर नेतं. सकाळी पावणेसातच्या सुमारास ही जोडी धावपट्टीवरून उठली. उन्हाळ्यात तिथे दिवस चढला की वारा सुटतो, म्हणून एवढ्या लवकर. मग तासभर नुसतं वर वर चढणं. सुमारे १४ किलोमीटर उंचीवर व्हाइट नाइट यानाला सोडून देतं, यान क्षणभर खाली पडतं, आणि मग पायलट इंजिन पेटवतो.

या इंजिनात जळतं काय? रबर! आणि ते जळायला लागणारा ऑक्सिजन येतो नायट्रस ऑक्साइडमधून, म्हणजे दातांच्या डॉक्टरकडच्या लाफिंग गॅसमधून. कल्पना साधी आहे. रबर घन, वायूची टाकी वेगळी. व्हॉल्व्ह बंद केला की आग बंद.

जमिनीवरून आम्हाला काय दिसलं? माना वर करून, डोळ्यांवर हात धरून, सूर्याच्या बाजूला बघत उभे होतो. व्हाइट नाइट म्हणजे एक ठिपका. स्कॅनरवाल्या आजोबांनी हात वर केला, आणि त्या ठिपक्यापासून एक पांढरी रेघ निघाली. सरळ वर. कुणीतरी निळ्या कागदावर खडूने ओढावी तशी. आवाज आला तो नंतर, आणि तोही पुसट. ७६ सेकंद इंजिन चाललं. रेघ थांबली आणि लोक ओरडायला लागले. आम्हीही ओरडलो. अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती.

मंडळी, या ७६ सेकंदांत वर काय चाललं होतं, ते आम्हाला नंतर कळलं.

इंजिन पेटल्यावर यान वाऱ्याच्या झोताने डावीकडे ९० अंश कलंडलं. मेलव्हिलने सावरलं, तर उजवीकडे ९० अंश. पुन्हा सावरलं. शेवटी शेवटी यानाची दिशा सांभाळणारी ट्रिम यंत्रणा बिघडली. त्याने पर्यायी यंत्रणा चालू केली. मागच्या बाजूने एक मोठा आवाजही त्याने ऐकला. तिथलं एक आवरण चेपलं होतं. बरं, हे सगळं यानात एकटं बसून, आवाजाच्या जवळपास तिप्पट वेगाने जाताना!

ठरलेली उंची होती ११० किलोमीटर. यान पोचलं १००.१२४ किलोमीटरवर. अंतराळाची सीमा मानली जाते १०० किलोमीटर. म्हणजे ती रेषा ओलांडली गेली १२४ मीटरने. मुंबईतली चाळीस मजली इमारत असते, साधारण तेवढ्याने. इंजिन निमिषभर आधी थांबलं असतं, तर इतिहास हुकला असता. आणि आम्ही खाली टाळ्या वाजवत होतो, कारण आम्हाला रेघ सरळ दिसली होती.

वर तीनेक मिनिटं वजनरहित अवस्था होती. तेवढ्यात या पठ्ठ्याने खिशातून एम अँड एमच्या गोळ्यांचं पाकीट काढून फोडलं. रंगीत गोळ्या कॉकपिटभर तरंगल्या. एवढं सगळं झाल्यावरसुद्धा!

पण मला तुमच्याशी बोलायचंय ते पुढच्या भागाबद्दल. रेघ संपली आणि आकाश रिकामं झालं. मग काहीच नाही. ७.५० ला यान सुटलं होतं, ते धावपट्टीवर टेकलं ८.१५ च्या सुमारास. मधली ही पंचवीसेक मिनिटं. लाइव्ह बघताना आपण अशा वेळी दुसरा व्हिडिओ लावतो, मेसेज बघतो. तिथे ते शक्य नव्हतं. तेव्हा माझ्या फोनमध्ये फक्त फोन होता! गर्दी हळूहळू गप्प झाली. वर एक माणूस आहे आणि तो परत यायचाय, एवढंच सगळ्यांच्या मनात. कोलंबियाही परत येतानाच गेलं होतं, तेही मनात होतंच. त्याची बायको, सॅली, त्याच विमानतळावर उभी होती. आमच्यासारखीच वर बघत.

परत येण्यासाठी रुटानने जी युक्ती काढली होती, ती मला आजही फार आवडते. यानाचे पंख मागच्या बाजूने वर दुमडायचे. बॅडमिंटनचं शटल कसंही फेका, ते खाली येताना आपोआप सरळ होतं. तसंच हे. त्याला ते फेदर म्हणतात. वातावरणात शिरताना पायलटने काही करायची गरजच नाही, यान स्वतःच स्थिर राहतं. खाली हवा दाट झाली की पंख पुन्हा सरळ, आणि यान ग्लायडर होऊन उतरतं.

आधी लांबून गडगडल्यासारखा आवाज आला. मग कुणीतरी बोट दाखवलं, आणि एक पांढरं पाखरू गोल गोल फिरत खाली येताना दिसलं. ते टेकलं तेव्हा आमच्या बाजूचे आजोबा रडत होते. मी तिकडे न बघता पाण्याची बाटली शोधल्यासारखं केलं.

थोड्या वेळाने यान ओढत गर्दीसमोरून नेलं. मेलव्हिल वर उभा, हातात प्रेक्षकांमधून आलेली एक पाटी. पाटीवर लिहिलेलं होतं: स्पेसशिपवन, गव्हर्नमेंटझिरो. लोक वेडे झाले. आणि तसा स्कोअर खराच होता. २००४ च्या अख्ख्या वर्षात अमेरिकेच्या भूमीवरून जी माणसं अंतराळात गेली, ती सगळी मोहावीहून गेली. मेलव्हिल सप्टेंबरमध्ये पुन्हा गेला, ४ ऑक्टोबरला ब्रायन बिनी गेला, आणि एक कोटी डॉलरचं अन्सारी एक्स प्राइज या टीमने जिंकलं. ते यान आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई आणि अंतराळ संग्रहालयाकडे आहे.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, म्हणजे कुणी फेकलं तर तुम्हाला कळेल. हे यान वर जाऊन खाली आलं. पृथ्वीभोवती फिरलं नाही. १०० किलोमीटर म्हणजे पुण्याहून साताऱ्याला जातो जेमतेम तेवढं अंतर, फक्त उभं. कक्षेत फिरायचं तर सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटरचा वेग लागतो. स्पेसशिपवनचा होता सेकंदाला साधारण एक. ऊर्जा वेगाच्या वर्गात वाढते, म्हणजे फरक ६० पटींचा. हा टप्पा खासगी कंपनीने माणसांसह गाठला तो थेट मे २०२० मध्ये, स्पेसएक्सच्या क्रू ड्रॅगनने. तेही नासाच्या करारावर आणि नासाच्याच अंतराळवीरांसह. ‘गव्हर्नमेंटझिरो’ पाटीवर छान दिसतं, प्रत्यक्षात हिशेब एवढा सोपा नसतो.

आणि किंमत? एक्स प्राइजच्या आठवड्यातच रिचर्ड ब्रॅन्सनने व्हर्जिन गॅलॅक्टिक जाहीर केली. २००७ पर्यंत पर्यटक नेऊ, म्हणाले. त्याच २००७ च्या जुलैमध्ये मोहावीतच नायट्रस ऑक्साइडच्या चाचणीत स्फोट झाला आणि तीन कामगार गेले. ३१ ऑक्टोबर २०१४ ला स्पेसशिपटू हवेत फुटलं. कारण काय? फेदरचं कुलूप वेळेआधी उघडलं गेलं. सहवैमानिक मायकल आल्सबरी गेला. जी युक्ती माणसाला सुखरूप आणायची, तिचंच कुलूप काही सेकंद आधी सुटलं. चौकशीत एका माणसावर खापर फोडून विषय संपवला नाही. माणूस चुकू शकतो हे कंपनीने डिझाइन करतानाच धरायला हवं होतं, असं स्पष्ट नोंदवलं. व्हर्जिनचं पहिलं व्यावसायिक उड्डाण झालं जून २०२३ मध्ये. त्या पाटीपासून १९ वर्षांनी.

त्या सकाळचे माझ्याकडे पाच फोटो आहेत. पाचही फोटोंत निळं आकाश आणि केस पडल्यासारखी एक रेघ. यूट्यूबवर यापेक्षा शंभरपट चांगले मिळतील. पण ती पंचवीस मिनिटं कुठल्याच व्हिडिओत नाहीत. त्या वेळात मला कळलं की अंतराळयान म्हणजे आधी एक माणूस, ज्याची खाली कुणीतरी वाट बघतंय. त्यानंतर मी कुठलंही उड्डाण, पायलट उतरेपर्यंत, ‘यशस्वी’ म्हणत नाही.

तुम्हाला अमेरिकेला जायची गरज नाही. श्रीहरिकोटाला इस्रोची प्रेक्षक गॅलरी आहे, उड्डाण जाहीर झालं की ऑनलाइन नोंदणी करायची. तिथूनच १८ नोव्हेंबर २०२२ ला स्कायरूटचं विक्रम-एस उडालं, भारतातलं पहिलं खासगी रॉकेट. गगनयान येतंय, त्यात आपली माणसं असतील. जमलं तर जा. टोपी न्या, पाणी न्या, उड्डाण पुढे ढकललं तर चिडू नका. आणि रेघ दिसेनाशी झाली की लगेच पार्किंगकडे पळू नका. थोडं थांबा.

कुणी असं उड्डाण प्रत्यक्ष पाहिलं असेल तर दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. तोपर्यंत, काळजी घ्या. भेटूच!