चोक ओढून बघा

संगमनेरहून पुण्याकडे निघालं की चंदनापुरीचा घाट लागतो, आणि जुनी प्रीमियर पद्मिनी नेमकी तिथेच दम टाकते. मागे ट्रकवाला हॉर्न मारतोय, गाडी गचके खातेय. लगेच इंजिन उघडू नका, भंगारात तर मुळीच देऊ नका. आधी चोक थोडा ओढा. गाडीने उचल घेतली? मग पेट्रोल कमी पोचतंय. फिल्टर, पंपाचा डायफ्राम, कार्ब्युरेटरचा जेट बघा. जेटमध्ये तार घालू नका हं, भोक मोठं होतं, हवेने फुंका. फरक नाही पडला तर पॉइंट, कंडेन्सर, प्लग तपासा. आणि आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याच उसाचं म्हणा! जुने रबरी पाइप त्याने खराब होतात. पाइप ओला दिसला, वास आला, तर गाडी तिथेच बंद.