खेळांतील आश्चर्यें आणि कान्हेरीची पोढी



ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरील उंच इमारतींत सायंकाळीं डोकावल्यास एखादा शाळकरी मुलगा संगणकापुढें साम्राज्य उभारीत बसलेला दिसावयाचा. १९९१ सालीं सिड मायर यांनीं काढलेला 'सिव्हिलायझेशन' हा खेळ व त्याच्या पुढील आवृत्त्या यांनीं मुलांना प्राचीन आश्चर्यांचीं नांवें तोंडपाठ करून दिलीं, हा त्यांचा गुण मान्य केलाच पाहिजे.

खेळांतील नियम असा कीं, प्रत्येक आश्चर्य जगांत एकदांच बांधतां येतें. जो राजा तें आधीं पुरें करील त्याच्या पदरांत लाभ पडतो. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तींत पिरॅमिड बांधतांच राज्यांतील प्रत्येक नगरास धान्याच्या कोठाराचा लाभ होई. थडग्याचें कोठार कसें झालें, हें विचारूं नये! ऱ्होड्स बेटावरील सूर्यदेवाचा प्रचंड पुतळा उभारला कीं त्या नगराचा व्यापार वाढे.

इतिहासांत क्रम उलटा आहे. ऱ्होड्सचा व्यापार आधींच भरभराटलेला होता. डिमीट्रियसनें इ. स. पूर्व ३०५ मध्यें घातलेला वेढा फसला. त्यानें मागें टाकलेलीं युद्धयंत्रें विकून आलेल्या पैशांतून पुतळा झाला. सुमारें अर्धशतकानें, इ. स. पूर्व २२६ च्या सुमारास, भूकंपानें तो कोसळला, तेव्हां निरनिराळ्या राजांनीं त्या बेटाकडे द्रव्य, धान्य व लांकूड पाठविलें. म्हणजे आश्चर्याचा खरा लाभ तें पडल्यावर झाला. असा नियम कोणत्याही खेळांत बसावयाचा नाहीं.

हाच उलटा क्रम पाहण्यास त्या मुलाला भूमध्य समुद्रावर जावयास नको. घोडबंदर रस्त्याच्या दक्षिणेस जें राष्ट्रीय उद्यानाचें रान पसरलें आहे, त्यांत कान्हेरीचीं शंभरांहून अधिक लेणीं आहेत. तीं एका राजाच्या आज्ञेनें झालीं नाहींत. शूर्पारक व कल्याण येथील बाजारपेठांत पैसा खेळत होता, म्हणून डोंगर कोरला गेला. सातवाहन राजा यज्ञ सातकर्णी याच्या काळचें मोठें चैत्यगृह व्यापारी बंधूंच्या दानांतून झालें. ब्राह्मी शिलालेखांत कल्याणचा एक सोनार पाण्याची पोढी दिल्याचें सांगतो, तर तेथीलच एक लोहार वाट करून दिल्याचें नोंदवितो. खेळांतील राजाच्या यादींत लोहाराला जागा नाहीं. कामगारांचे तेथें केवळ आंकडे होतात.

आणि लाभ कोणास झाला? खडकावर कोरलेल्या पन्हळींतून पावसाचें पाणी पोढ्यांत उतरे व भिक्षूंच्या खोल्यांच्या दाराशींच सांठे. सोनाराच्या वांट्यास त्यांतील ओंजळभरही आलें असेल, असें नाहीं. त्यानें फक्त आपलें नांव, गांव आणि धंदा तेवढा पोढीजवळ कोरून ठेविला.