गारगोटीच्या उगमाचा शोध
(वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



या व्यासपीठावरून कुलवृत्तांत, विद्यार्थिसाहाय्य अथवा विवाहविषयक प्रश्न यांचा ऊहापोह व्हावा, असा आपला परिपाठ आहे. आज आम्ही दगडांविषयी बोलणार, हे ऐकून कित्येकांस नवल वाटेल. परंतु आपल्यापैकी पुष्कळ घराण्यांची शेती अंबड, घनसावंगी, परतूर व भोकरदन या तालुक्यांत आहे, आणि आम्ही सांगणार आहोत तो पुरावा त्याच शेतांच्या बांधावर पडलेला असण्याचा संभव आहे.

पैठणजवळ गोदावरीकाठी मुंगी नावाचे गाव आहे. तेथील नदीच्या जुन्या थरांत भूगर्भशास्त्र खात्याच्या वाइन यांना अकीकाचा एक छिलका सापडला. त्याची हकीकत ओल्डहॅम यांनी १८६८ साली प्रसिद्ध केली. तीच गोदावरी पुढे शहागडावरून आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण सीमेने वाहते. पुढे १९५४ पासून डॉ. सांकलिया यांनी प्रवरेकाठी नेवासे येथे उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाण काळातील माणसे गारगोटीच्या जातीच्या दगडाची लांब, पातळ पाती काढीत असत, हे दिसून आले. आपल्या भोकरदनास, म्हणजे प्राचीन भोगवर्धनास, १९७३ साली नागपूर व मराठवाडा विद्यापीठांनी उत्खनन केले. तेथे मौल्यवान खड्यांचे मणी निघाले. हत्यारांचे दिवस सरले तरी या दगडाची चाहत सरली नव्हती.

मग हा दगड येई कोठून? हाच खरा प्रश्न होय.

आपला प्रदेश सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांनी बनलेला आहे. त्यांतील घट्ट काळवत्री पाषाण मोठ्या हत्यारांस चाले, परंतु नाजूक पात्यास निरुपयोगी. लाव्हा थिजताना त्यात वायूचे फुगे राहिले, त्या पोकळ्यांत कालांतराने सिकता साचली आणि तिच्यापासून गारगोटी, अकीक, सूर्यकांत हे दगड झाले. असे फुग्यांचे थर बहुधा प्रत्येक लाव्हाप्रवाहाच्या माथ्याशी असतात. म्हणून ते टेकडीवर कोठेही नसून विशिष्ट उंचीच्या पट्ट्यात उघडे पडतात. नकाशाचा उपयोग येथेच आहे. भूस्तरांचा नकाशा, उंचीच्या रेषा, ओढेनाले आणि उपग्रहाची छायाचित्रे एकावर एक ठेवली, की टेकडीभोवती कोणत्या पट्ट्यात शोधावे, हे घरबसल्या कळते. पूर्वी हे काम पातळ कागदावर होई, आता ते संगणकावर होते. तथापि नकाशा केवळ जागा सुचवितो. पायपीट चुकत नाही.

दुसरा साठा नदीच्या गोट्यांचा. झिजलेल्या खडकातून सुटलेली गारगोटी पूर्णा, दुधना, गोदावरी यांच्या पात्रात येऊन पडते. सापडलेले पाते डोंगरातील दगडाचे की नदीतल्या गोट्याचे, हे पुष्कळदा त्याच्या सालीवरून उमगते. नदीतल्या गोट्याची साल घासून गुळगुळीत झालेली असते, खडकातून थेट काढलेल्या खड्याची खडबडीत असते व तिला कधी हिरवट माती चिकटलेली असते. एवढी साधी गोष्ट कोणाही शेतकऱ्यास पाहता येईल! पाते जेथे मिळाले ती जागा आणि दगडाचा संभाव्य पट्टा नकाशावर मांडून, चढउतार लक्षात घेता मधली वाट किती तासांची, याचाही हिशेब करता येतो. कर्नाटकातील इसामपूर येथे आदिमानवाने चुनखडीच्या थरातून जेथे दगड काढला, ती जागाच डॉ. पद्दय्या यांनी शोधून काढली. तशी जागा आपल्याकडे नसेल, असे कोणी म्हणावे?

परंतु विलंब परवडणारा नाही. मुरूम रस्त्यासाठी उचलला जातो, वाळूबरोबर नदीचे गोटे जातात, सपाटीकरणात बांध नाहीसे होतात. शिवाय आपल्या मुलांना गारगोट्या वेचण्याचा छंद! चकचकीत खडे घरी आणून बशीत मांडले, म्हणजे त्यांची शोभा राहते, पुरावा मात्र जातो. जागेवेगळा दगड अभ्यासकाच्या कामाचा नाही.

म्हणून आम्ही एक वही कार्यालयात ठेवली आहे. शेतात धारदार कडेची, एकाच जातीच्या दगडाची कपचे एकत्र पडलेली दिसल्यास ती उचलू नयेत. गावाचे नाव, शेताचा गट क्रमांक, जवळचा ओढा, दगडाचा रंग आणि साल यांची नोंद वहीत करावी. भ्रमणध्वनीवर त्या ठिकाणचे अक्षांश-रेखांश मिळत असल्यास तेही लिहावेत. पुढील संमेलनापूर्वी या नोंदी एका नकाशावर उतरवून आम्ही पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे पाठविणार आहोत.