आधी टास्क मॅनेजर उघडा, मग स्क्रू ड्रायव्हर

(अभ्यासिकेत झालेल्या तरुणांच्या मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला 'आयटीतलं करिअर' हा विषय दिला होता. तो मी बदलून मागितला. करिअरवर बोलणारे पुष्कळ आहेत आणि ते माझ्यापेक्षा बरं बोलतात. मी आज बोलणार आहे तुमच्या डाव्या हाताला भिंतीशी जे चार संगणक आहेत त्यांच्याबद्दल. ऑल-इन-वन म्हणतात ते. वेगळा डबा नाही, सगळं स्क्रीनच्या पाठीमागे कोंबलेलं. २०१८ मध्ये कुणा भल्या माणसाने ते आपल्या अभ्यासिकेला दिले. गेल्या दोन वर्षांत त्यांच्याकडे कुणी फिरकत नव्हतं.

कारण तुम्हाला ठाऊक आहे. बटण दाबून चहा पिऊन यावं, तरी डेस्कटॉप आलेला नसायचा. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला बसलं की पान उघडेपर्यंत मोबाइलवर आलेल्या ओटीपीची मुदत संपायची. मग मुलं उठून सायबरमध्ये जायची. तिथे फॉर्मचे पैसे वेगळे, स्कॅनचे वेगळे, प्रिंटचे वेगळे. आणि संध्याकाळी सातनंतर सायबरमध्ये थांबायला घरून परवानगी नसलेल्या मुलींचं काय, हे मी सांगायला नको. त्यातल्या दोघींचे फॉर्म मागच्या वर्षी शेवटच्या तारखेला राहिले.

समितीने नव्या यंत्रांचं कोटेशन मागवलं. आकडा आला १,६०,०००. पैसे नव्हते. जुनी यंत्रं भंगारात घालावीत आणि ती जागा टेबलांना द्यावी, असं जवळजवळ ठरलं होतं.

माझं म्हणणं एवढंच होतं, की यंत्र हळू आहे म्हणजे त्यातलं नेमकं काय हळू आहे ते आधी बघू. हे बघायला इंजिनिअर लागत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स नावाच्या भागात सीपीयू, मेमरी, डिस्क असे वेगवेगळे आलेख दिसतात. आपल्या चारही यंत्रांवर तेच चित्र होतं. सीपीयू दहा-पंधरा टक्क्यांवर निवांत, मेमरी अर्धी मोकळी आणि डिस्क सतत १०० टक्के. डॉक्टरने नाडी बघताच सांगावं इतकं सरळ निदान आहे हे. डिस्कऐवजी मेमरी काठोकाठ भरलेली दिसली असती तर मी आज रॅमबद्दल बोललो असतो.

आता डिस्क एवढी का दमते? जुन्या हार्ड डिस्कमध्ये खरोखरच एक तबकडी फिरते आणि तिच्यावर एक बारीक हात पुढे-मागे सरकतो. आपल्या यंत्रांतली तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. ऐकायला भारी वाटतं. पण हवी ती माहिती हाताखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, ते झाले साडेपाच मिलिसेकंद. त्याआधी हाताला योग्य वर्तुळावर जायला दहा-बारा मिलिसेकंद लागतात. हिशोब करा, सेकंदाला साठ-सत्तर वेळा काहीतरी उचलून आणलं की त्या डिस्कची ताकद संपली. आणि विंडोज सुरू होताना बारीकसारीक हजारो फायली मागते. अँटीव्हायरस मागतो, अपडेट मागतं, ब्राउझर मागतो. सगळे त्या एकाच हातापुढे रांगेत. एसएसडीमध्ये फिरणारं काही नाही, सगळी चिप. तिथे हेच काम सेकंदाला हजारोंनी होतं. म्हणून प्रोसेसर तोच, स्क्रीन तोच, आणि यंत्र नवं वाटतं.

आमच्याकडचे दुकानदार यावर एकच औषध देतात, 'फॉरमॅट मारून देतो.' फॉरमॅट मारल्यावर महिनाभर बरं चालतं, मग पुन्हा तेच. तबकडीचा वेग फॉरमॅटने वाढत नाही.

आता उघडण्याबद्दल. ऑल-इन-वन म्हटलं की लोक घाबरतात, आणि थोडं घाबरावंच. पण सगळे ऑल-इन-वन सारखे नाहीत. आपले विंडोजवाले बघा. त्यांना लॅपटॉपसारखा बाहेरचा अ‍ॅडॅप्टर आहे. म्हणजे भिंतीतली २३० व्होल्टची वीज यंत्रात शिरतच नाही, अ‍ॅडॅप्टरमध्येच उतरते. अ‍ॅडॅप्टरची पिन काढली आणि चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून ठेवलं की आत उरलेली वीजही निघून जाते. मग टेबलावर जुना मऊ टॉवेल, त्यावर स्क्रीन पालथा. स्टँड काढला की खाली दोन स्क्रू लपलेले सापडतात. मागचं झाकण मात्र स्क्रूवर नसतं, कडेच्या प्लास्टिकच्या लॉकवर बसलेलं असतं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक घालून उचकटू नका, लॉक तुटतात आणि झाकणावर कायमचे ओरखडे येतात. बाद झालेलं सिमकार्ड किंवा गिटारची पट्टी घाला आणि कडेकडेने सरकवत न्या. टक टक आवाज येत जाईल. तो आवाज ऐकून पहिल्यांदा सगळ्यांचाच जीव वर-खाली होतो. तो लॉक सुटल्याचा असतो.

आत डिस्क एका पत्र्याच्या चौकटीत असते. आपल्याकडे लॅपटॉपची असते तशी अडीच इंची होती, साटा जोडणीची. एसएसडी त्याच मापाची येते, त्याच चौकटीत त्याच चार स्क्रूंनी बसते. काही यंत्रांत साडेतीन इंची डिस्क असते, तिथे जोडपट्टी लागते. उघडल्यावर मदरबोर्डवर एम-डॉट-टूची मोकळी खाच आहे का तेही बघून घ्या. कधीकधी कंपनीने ती रिकामीच ठेवलेली असते.

आयमॅकचं प्रकरण वेगळं. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्यातल्या एकाच्या मामांच्या फोटो स्टुडिओतला आयमॅक पुढच्या महिन्यात इथे येणार आहे. २००९ ते २०११ च्या आयमॅकमध्ये पुढची काच चुंबकावर बसलेली असते, व्हॅक्यूमच्या रबरी टोप्या लावून उचलता येते. २०१२ च्या शेवटी आलेल्या सडपातळ आयमॅकपासून काच आणि स्क्रीन एकजीव झाले आणि ते चौकटीला गोंदपट्टीने चिकटवलेले असतात. गोंद कापायचा, स्क्रीन जरासा वर करून आतल्या नाजूक केबल सोडवायच्या, आणि बंद करताना नवी गोंदपट्टी लावायची. त्यात भर म्हणजे वीजपुरवठ्याचं सर्किट आतच, उघडं. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये धक्का देण्याइतकी वीज राहू शकते. नवशिक्याने तिथे हात घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या आयमॅकला यूएसबी ३ आहे. बाहेरून एसएसडी जोडायची, तिच्यावर मॅकओएस टाकायचं आणि तिथूनच यंत्र सुरू करायचं. आतली तबकडी जिथे आहे तिथे राहू दे. थोडा वेग कमी मिळेल, स्क्रीन शाबूत राहील. २०२१ च्या एम वन चिपच्या आयमॅकमध्ये तर साठवणच बोर्डावर डाग देऊन बसवलेली आहे, बदलायला काही ठेवलंच नाही. वस्तू आपली, पैसे आपले, आणि उघडायची सोय मात्र बनवणाऱ्याच्या मर्जीवर. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टलही सुरू केलं. बरं झालं. पण नवीन वस्तू घेताना 'ही उघडते का' हा प्रश्न दुकानात आपणच विचारायचा असतो.

एसएसडी बसवली, पुढे काय? दोन वाटा आहेत. एक, जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल, म्हणजे क्लोन. दुसरी, कोऱ्या डिस्कवर सगळं नव्याने टाकणं. घरच्या संगणकाला क्लोन सोयीचा. फक्त बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या. सार्वजनिक संगणकाला क्लोन अजिबात नको. सात वर्षांत शेकडो मुलांनी वापरलेल्या ब्राउझरमध्ये कुणाकुणाचे पासवर्ड सेव्ह झालेले असतात, तेही नव्या डिस्कवर जसेच्या तसे येतात. शिवाय आपल्या यंत्रांत सातव्या पिढीचे इंटेल प्रोसेसर आहेत, विंडोज ११ च्या अधिकृत यादीत ते बसत नाहीत आणि विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून आपण लिनक्स मिंट टाकलं. फुकट आहे, ब्राउझर तोच, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो. पहिल्या दिवशी 'वर्ड कुठे गेलं' म्हणून दोघांनी तक्रार केली. तिसऱ्या दिवशी कुणी विचारलं नाही.

खर्च? चार एसएसडी, एक यूएसबी-साटा केबल, सगळं मिळून १३,००० च्या आत.

पण मला खरी काळजी वेगळ्याच गोष्टीची होती, आणि त्यासाठीच मी हा विषय घेतला. काढलेल्या जुन्या डिस्कचं काय करायचं?

पहिली डिस्क केबलने जोडून पाहिली तेव्हा डाउनलोड्समध्ये चार हजारांवर फायली होत्या. आधार कार्डं, उत्पन्नाचे दाखले, जातीचे दाखले, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान. आपल्या मोहल्ल्यातल्या अर्ध्या घरांची कागदपत्रं, फोटोसकट. समितीने त्या दिवशी भंगारवाल्याला फोन केला असता तर हे सगळं किलोच्या भावाने गेलं असतं. आणि ज्यांचे कागद, त्यांना पत्ताही लागला नसता. आपल्या लोकांना एकेका दाखल्यासाठी तहसीलच्या किती खेपा पडतात, नावातल्या एका वेलांटीसाठी किती दिवस जातात, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. ते कागद असे उघड्यावर टाकायचे नाहीत.

डिलीट केल्याने फाइल जात नाही. क्विक फॉरमॅटनेही जात नाही, पुस्तकाची फक्त अनुक्रमणिका फाडली जाते, पानं तशीच असतात. तबकडीवाल्या डिस्कवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा शून्यं लिहून काढावी लागतात. एक टीबीला तीनेक तास लागतात, कधी जास्तही. पण त्याआधी आपण नोटीस लावली आहे, ती दारावर आहे, वाचा. महिनाभर मुदत आहे. ज्यांची फाइल त्या डिस्कवर आहे त्यांनी यावं, ओळख पटवावी, आपली फाइल पेनड्राइव्हवर घ्यावी. दुसऱ्याची फाइल उघडायची नाही, नेऊन द्यायची तर मुळीच नाही, मग तो सख्खा भाऊ असो. कालपर्यंत अकरा जण आले. एका मुलीला हरवलेल्या दहावीच्या गुणपत्रिकेचं स्कॅन सापडलं.

चारपैकी एक डिस्क मरायला टेकली आहे, मधूनच खटखट आवाज करते. तिच्यावर शून्यं लिहिणं भरवशाचं नाही, कारण खराब झालेल्या जागेवर लिहिलंच जात नाही. ती फोडावी लागेल. अडीच इंची डिस्कची तबकडी बहुतेक वेळा काचेची असते, म्हणून जाड फडक्यात गुंडाळून, डोळ्यांवर चष्मा लावून. तुकडेही कचऱ्यात नाहीत. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, नोंदणी असलेल्या रिसायकलरकडेच द्यायचे.

तीन यंत्रं झाली आहेत. चौथं त्या टेबलावर टॉवेलवर पालथं ठेवलंय, अ‍ॅडॅप्टर काढलेला आहे, एसएसडी शेजारच्या डबीत आहे. मी हात लावणार नाही. दोन जणी आणि एक जण पुढे या. ज्यांनी आजवर स्क्रू ड्रायव्हर धरलेला नाही त्यांना पहिली संधी. अंगठ्या आणि बांगड्या तेवढ्या काढून ठेवा, आणि निघालेले स्क्रू त्या बशीत टाका. मागच्या वेळी एक सतरंजीखाली गेला होता, तो अजून सापडलेला नाही.