घाटातून गाडी खाली आणणारी बाई

(नाशिक जिल्ह्यातील आदिवासी मुलींच्या वसतिगृहात झालेल्या पालक मेळाव्यातील भाषण)



तुमच्यापैकी बरेच जण पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीच्या पाड्यांवरून आज सकाळी निघून आला आहात. काहींनी दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांतली मजुरी बुडवली आहे. म्हणून तुमचा वेळ मी उपदेशात घालवणार नाही. एका बाईच्या नोकरीची हकिगत सांगणार आहे.

मागच्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या सप्टेंबरमध्ये, दिल्लीहून मुंबईला जाणारी राजधानी एक्सप्रेस इगतपुरीहून मुंबईपर्यंत सुरेखा यादव यांनी चालवली. ती त्यांची निवृत्तीपूर्वीची शेवटची मोठी फेरी. ३० सप्टेंबरला छत्तीस वर्षांच्या सेवेनंतर त्या निवृत्त झाल्या. आशिया खंडातील पहिली महिला रेल्वेचालक म्हणून त्यांची ओळख आहे.

इगतपुरीच्या लोकांना घाट वेगळा सांगायला नको. हा कसारा घाट १८६५ साली रेल्वेसाठी खुला झाला. तिथे सदतीस फूट पुढे गेले की एक फूट चढ लागतो. वर येणाऱ्या गाड्यांना कसाऱ्याला मागून जादा इंजिने लावून ढकलावे लागते. राजधानीला तर त्यासाठी थांबावे लागू नये म्हणून पुढे एक आणि मागे एक अशी दोन इंजिने असतात. आणि खाली जाताना? तेव्हा जोर लावायचा नसतो, गाडी धरून आणायची असते. ब्रेक आधी तपासायचे, वेग हातात ठेवायचा, सिग्नलवरची नजर हलू द्यायची नाही. मागे शेकडो माणसे झोपलेली असतात. हे काम ताकदीचे कमी आणि शिस्तीचे जास्त आहे.

सुरेखाताई काही मोठ्या घरच्या नव्हेत. सातारा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी, पाच भावंडांत थोरली. साताऱ्याच्या सेंट पॉल शाळेत शिकल्या. पुढे कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून विजेच्या विषयाची पदविका घेतली. त्यांना खरे तर शिक्षिका व्हायचे होते. रेल्वेची जाहिरात पाहून अर्ज केला. परीक्षेला गेल्या तर तिथे मुलगी म्हणून त्या एकट्याच.

आता पुढचे नीट ऐका, कारण मला जे सांगायचे आहे ते यातच आहे. १९८९ साली त्या रेल्वेत लागल्या, त्या सहायक चालक म्हणून. म्हणजे मुख्य चालकाच्या शेजारी उभे राहायचे, सिग्नल मोठ्याने सांगायचा, इंजिन तपासायचे. कल्याणच्या प्रशिक्षण शाळेत शिकायचे. मग मालगाडी. २००० साली मुंबईची महिला विशेष लोकल. २०१० च्या सुमारास घाटातल्या गाड्या. २०११ च्या ८ मार्चला पुण्याहून मुंबईला डेक्कन क्वीन. मार्च २०२३ मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत. मधल्या काळात कल्याणच्या त्याच शाळेत त्यांनी इतरांना शिकवलेही. शिक्षिका होण्याची इच्छा अशी पुरी झाली.

वर्तमानपत्रात वंदे भारतचा फोटो येतो. त्याच्या मागची चौतीस वर्षे फोटोत दिसत नाहीत. एकेक पायरी, प्रत्येक पायरीला परीक्षा, आणि सगळ्याच्या तळाशी दहावीनंतर घेतलेले तंत्रशिक्षण. ती तळाची पायरी काढून टाकली तर वरचे काहीच उरत नाही.

कोणी म्हणेल, हे बाईचे काम नव्हे. बोरघाटाच्या रेल्वेचा ठेका सॉलोमन ट्रेडवेल नावाच्या इंग्रज ठेकेदाराने घेतला होता. १८५९ साली तो आजाराने वारला. त्याची पत्नी ॲलिस हिने ठेका सोडला नाही. हाताखाली इंजिनिअर नेमून तिने काम पुढे चालू ठेवले आणि १८६३ साली तो घाट पुरा झाला. ते डोंगर फोडायला हजारो मजूर राबले आणि कित्येक साथीच्या रोगांनी गेले. त्यांची नावे कुठल्याही फलकावर नाहीत. टोपली उचलणारे हात आपले असतील, तर यंत्राच्या दांड्यावरही आपला हात का नसावा?

लांब जायलाही नको. नाशिकरोडला रेल्वे इंजिनांच्या मोटारी दुरुस्त करणारा कारखाना आहे. तिथेच रेल्वेच्या विद्युत अभियंत्यांना शिकवणारी संस्था आहे. मनमाडचा रेल्वेचा अभियांत्रिकी कारखाना तर १९०६ सालचा. आपल्या जिल्ह्यात इतके असताना आपल्या मुली फक्त डब्यात बसणाऱ्या का राहाव्यात?

वाट काय, ते सांगते. सहायक चालकाच्या जागेसाठी दहावी आणि आयटीआय लागते. फिटर, इलेक्ट्रिशियन, डिझेल मेकॅनिक असे ठरलेले ट्रेड चालतात. पदविका असली तरी चालते. परीक्षा मराठीतून देता येते. अनुसूचित जमातीला साडेसात टक्के राखीव जागा आणि वयात पाच वर्षांची सवलत आहे. दृष्टी मात्र चष्म्याशिवाय चांगली हवी आणि रंग अचूक ओळखता यायला हवेत. म्हणून मुलीचे डोळे आयटीआयला घालण्याआधीच तपासून घ्या. ते बसले नाही तरी निराश होऊ नका. कारखान्यातल्या तंत्रज्ञांच्या जागांना डोळ्यांची अट इतकी कडक नसते.

आणि कागद. पाड्यांवर फिरताना मी पाहते, मुलगी हुशार असते पण शाळेच्या दाखल्यावर नाव एक आणि आधारवर दुसरे. जातीचा दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यात लागतो. हे जाहिरात निघाल्यावर धावपळ करून होत नाही. आत्ता, या सुट्टीतच करून घ्या. कागद भरायला आमची माणसे तुमच्याबरोबर बसतील.

काम सोपे आहे असे मी म्हणणार नाही. रात्रीची ड्युटी असते, सणाला घर सोडावे लागते. इंजिनात शौचालय नसणे ही बायकांची मोठी अडचण होती. आता कुठे काही इंजिनांत ती सोय होऊ लागली आहे. सुरेखाताईंनी दोन मुलगे वाढवून ही नोकरी केली. घरच्यांनी साथ दिली म्हणून ते जमले. मुलींनो, तुम्ही कष्टाला घाबरत नाही हे मला ठाऊक आहे. प्रश्न आहे तो घरच्यांच्या साथीचा.

म्हणून पालकहो, तुमच्याकडे एकच मागणे आहे. निकाल लागला की पाहुणे येतील, स्थळ चांगले आहे म्हणतील. त्यांना म्हणा, दोन वर्षे थांबा, पोरगी आयटीआय करते आहे. फक्त दोन वर्षे. देवाने तिला दिलेली बुद्धी जमिनीत पुरून ठेवायला दिलेली नाही. आयटीआयचे प्रवेश निकालानंतर लगेच सुरू होतात. अर्ज भरायचा असेल त्यांनी आज जेवणानंतर आपले नाव ताईंकडे लिहून द्यावे. वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे.

देव तुम्हा सर्वांचे भले करो.