अंगणातील हिरवळीचे रोग : आधी ओळख, मग उपाय

(दुसरबीड, जि. बुलडाणा येथील भाषणाचा मजकूर)



शेतात जी हरळी खोदून खोदून आपण थकतो, तीच घरापुढे लॉन म्हणून लावली की जगत नाही, अशी अनेकांची तक्रार असते. गवत पिवळे पडले की मूठभर युरिया फेकायचा, नाहीतर पिकाचे उरलेले औषध फवारायचे, ही आपली सवय. पण एका रोगात युरिया उपाय ठरतो, तर दुसऱ्यात तोच रोग वाढवतो. म्हणून पहाटे दव असताना हिरवळीवर जा आणि खाली बसून नीट पाहा.

१) डॉलर स्पॉट : आखूड कापलेल्या गवतात नाण्याएवढे, वाढलेल्या गवतात तळहाताएवढे वाळक्या रंगाचे ठिपके पडतात. पात्यावर तांबूस कडेचा फिकट पट्टा दिसतो. दवात कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी बुरशी दिसते. हा उपाशी गवताचा रोग आहे. दर चौरस मीटरला १० ग्रॅम युरिया कोरड्या गवतावर टाकून लगेच पाणी द्यावे.

२) तपकिरी चट्टा : पावसाळ्यातील दमट उकाड्यात मोठे गोल चट्टे पडतात. कारण रायझोक्टोनिया बुरशी. ती कपाशीची मुळेही कुजवते. येथे युरिया ताबडतोब बंद करावा आणि साचलेले पाणी काढून द्यावे.

३) तांबेरा : हिरवळीवरून चालल्यास चपलेला नारिंगी भुकटी लागते. वाढ खुंटलेल्या गवतावर तो जास्त येतो. हलके खत व वेळेवर कापणी पुरेशी होते.

प्रत्येक पिवळेपणा म्हणजे रोग नव्हे. गवत ओढताच चटईसारखे सुटून आले, तर खाली हुमणी शोधा. मधे जळालेले व भोवती गर्द हिरवे कडे असेल, तर ते कुत्र्याच्या मुताने झालेले असते. चुनखडीच्या जमिनीत कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्यास लोहाची कमतरता समजावी. १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस मिसळून फवारावे. फरशीवर उडू देऊ नये, डाग पडतात.

पाणी संध्याकाळी न देता पहाटे द्यावे. रात्रभर ओले राहिलेले पान बुरशीला आयतेच सापडते. रोज शिंपडण्यापेक्षा चार-पाच दिवसांनी मुळापर्यंत भिजवावे. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये. ओले गवत कापू नये, आणि रोगट भागातील कातरण उचलून टाकावे.

एवढे करूनही चट्टे वाढलेच, तर मातीसह रोगट गवताचा तुकडा कृषी विज्ञान केंद्रात दाखवून मगच बुरशीनाशक घ्यावे. या गवतावर आपली लेकरे लोळतात. फवारल्यावर त्यांना दूर ठेवा आणि ते गवत गुरांना घालू नका. पाण्याची वेळ बदलायला पैसे लागत नाहीत. पहिला उपाय तोच करा.